काळ्या दगडाची सहल : सायवन, वसई, घारापुरी

"सर, आमचा डोंगर फुटणार का?"

डहाणू तालुक्यातल्या सायवनच्या एका शाळेत आठवीच्या वर्गात आम्ही खडकांचे नमुने दाखवत होतो. ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या रसापासून आपला काळा दगड कसा तयार झाला, हे फळ्यावर आकृती काढून सांगून झाले होते. विषय छान समजला असावा असे आम्हाला वाटत असतानाच मागच्या बाकावरच्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. वर्ग एकदम शांत झाला. प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, हे आमच्या लक्षात आले.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत कधी दिवसाला अनेक धक्के बसत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी रिश्टर मापनावर ४.१ चा धक्का बसला आणि त्या धावपळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. तेव्हा ही मुले तिसरीत होती. घर सोडून अंगणात, तंबूत काढलेल्या थंडीच्या रात्री त्यांना आजही आठवतात. पुढे धक्क्यांचे प्रमाण कमी झाले, पण अधूनमधून जमीन हलतच राहिली. आणि आता पुस्तकच सांगत होते की आपण ज्वालामुखीच्या दगडावर राहतो!

मुलांनी आपल्या शंकेसाठी तीन पुरावेही दिले. एक, भूकंप होतात म्हणजे खाली काहीतरी उकळते आहे. दोन, वज्रेश्वरी-गणेशपुरीला आणि पालघरजवळही गरम पाण्याची कुंडे आहेत. तीन, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळका चित्रातल्या ज्वालामुखीसारखाच टोकदार दिसतो. पुरावे गोळा करून त्यातून निष्कर्ष काढायचा, ही विज्ञानाचीच रीत झाली. त्यामुळे 'छे, असे काही होत नाही' एवढे सांगून हा प्रश्न झटकून टाकणे आम्हाला बरे वाटले नाही. पुराव्याला उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. ते कुठे मिळेल याचा शिक्षकांबरोबर विचार करताना एक सहल ठरली.

सहल पितृपक्षात का?

शाळांच्या सहली साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत निघतात. हवा चांगली असते, सहामाही परीक्षा झालेली असते. पण या भागातल्या गुरुजींनी आमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. दिवाळी झाली की इथली बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामांवर वसई-भिवंडीकडे जातात. आईबापांबरोबर काही मुलेही जातात. डिसेंबरच्या सहलीच्या यादीत त्यांची नावे नसतात. सहलीला ज्यांनी यायला हवे, नेमकी तीच मुले गैरहजर!

तेव्हा सहल दिवाळीआधीच काढायची असे ठरले. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटींचा भरवसा नसतो. शेवटी ऑक्टोबर २०२३ चा पहिला आठवडा निवडला. पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात कोणी लग्नकार्य काढत नाही, फारसे कोणी सहलीलाही निघत नाही. साहजिकच गाड्यांना आणि बोटींना गर्दी कमी होती. पाऊस ओसरला होता, भात पिकायला लागले होते पण कापणी अजून जोरात सुरू झाली नव्हती. शुक्रवार-शनिवार हे दिवस धरले, कारण घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. शिक्षकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

बिगरहंगामी सहलीचा आणखी एक फायदा आम्हाला नंतर कळला. पावसाने धुतलेला खडक स्वच्छ दिसतो. उन्हाळ्यात धुळीखाली जे रंग आणि थर लपतात ते या दिवसांत उघडे पडतात. कुठून पाणी झिरपते आहे, म्हणजेच खडकात भेगा कुठे आहेत, तेही दिसते.

मार्ग सोपा होता. सायवनहून एसटीने कासामार्गे डहाणू रोड, तिथून लोकलने वसई रोड. पहिला दिवस वसईचा. रात्री तिथल्याच एका शाळेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी चर्चगेटला उतरून गेट वे ऑफ इंडिया आणि तिथून बोटीने घारापुरी.

निघण्याआधी प्रत्येक मुलाने आपल्या घराजवळचा एक दगड खिशात घ्यायचा, एवढीच एक अट होती. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक दगडाशी तो ताडून पाहायचा होता.

वसई : दगडाचे शहर

वसईचा किल्ला बहुतेकांना चिमाजी अप्पांच्या पराक्रमामुळे माहीत असतो. पण हा नुसता किल्ला नव्हता, तटबंदीच्या आत वसलेले एक पूर्ण शहर होते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली तहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबई-साष्टीचा प्रदेश आणि घारापुरीचे बेट यांवरही पोर्तुगिजांचा अंमल बसला तो याच सुमारास. म्हणजे आमच्या सहलीतली दोन्ही ठिकाणे एकाच तहाच्या कागदाने जोडली गेली होती! पुढची दोनशे वर्षे वसई हे उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज सत्तेचे मुख्य ठाणे होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ते जिंकले. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच, ३१ डिसेंबर १८०२ रोजी.

वसईच्या शेजारचे सोपारे तर याहून कितीतरी जुने. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हे गजबजलेले बंदर होते. अशोकाचा संदेश ज्या दगडावर कोरला गेला, तो दगडही आपल्या ओळखीचाच, काळा.

किल्ल्यात शिरल्यावर मुलांना इतिहास सांगण्याआधी आम्ही एक काम दिले. 'खिशातला दगड काढा आणि भिंतीतल्या दगडाशी ताडून पाहा. भिंतीला खरवडायचे नाही, ठोकायचे नाही. फक्त शेजारी धरून पाहायचे.' पाच मिनिटांत मुले ओरडू लागली, "तोच आहे, तोच आहे!" काही दगड अगदी घट्ट, बारीक कणांचे होते. काहींवर छोटी छोटी भोके होती. काही भोकांत पांढरे, चकाकणारे खडे भरलेले होते. मुलांच्या खिशांतही हेच तिन्ही प्रकार निघाले.

याचा अर्थ काय? सायवनचा डोंगर आणि वसईचा तट एकाच प्रकारच्या खडकाचे आहेत. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. वसईकडचा हा दगड पोर्तुगिजांनी जहाजांत भरून गोव्यापर्यंत नेला. गोव्यात जांभा दगड मुबलक आहे, पण त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागातल्या कोरीवकामासाठी वसईचा बेसॉल्ट वापरला गेला.

तटावर उभे राहून आम्ही मुलांना विचारले, "हा तट कधीचा?" उत्तर आले, "चारशे-साडेचारशे वर्षांचा." "आणि तटातला दगड?" यावर सगळे गप्प. एका मुलाने चाचरत म्हटले, "तटापेक्षा जुना." उत्तर अगदी बरोबर होते. वस्तू केव्हा घडवली आणि ती ज्यापासून घडवली तो पदार्थ केव्हा तयार झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तट साडेचारशे वर्षांचा, पण दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाल्यासारखेच आहे. 'ज्वालामुखीचा दगड' म्हणजे 'ज्वालामुखी' नव्हे. वीट भट्टीत भाजलेली असते, म्हणून विटेच्या भिंतीत आग पेटलेली नसते. वीटभट्टीचे उदाहरण आम्ही काढताच मुलांचे चेहरे बदलले. भट्टी पेटते कशी आणि विझल्यावर किती दिवसांनी गार होते, हे त्यातल्या काहींना आमच्यापेक्षा जास्त माहीत होते.

घारापुरी : डोंगराचा बुडालेला माथा

दुसऱ्या दिवशी गेट वेहून बोट निघाली. सायवनच्या बऱ्याच मुलांची समुद्रावरची ही पहिलीच सफर होती. घारापुरी गेट वेपासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे, तिथे पोचायला बोटीला तासभर लागतो. बोट सुटण्यापूर्वी आम्ही प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे याची खात्री करून घेतली. त्यानंतर सव्वा वर्षाने, १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला दुसऱ्या वेगवान बोटीची धडक बसून मोठी जीवितहानी झाली. मुलांना पाण्यावरून नेताना जाकिटाच्या बाबतीत कोणतीही सवलत देऊ नये.

समोर बेट दिसू लागले. दोन टेकड्या आणि मधे घळ. "हे बेट समुद्रातून वर आले का?" एका मुलाने विचारले. पुस्तकातल्या ज्वालामुखी बेटाच्या चित्रात समुद्रातून धूर ओकत वर येणारा शंकू असतो, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक होता.

खरे म्हणजे 'ज्वालामुखी बेट' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिल्या प्रकारचे बेट म्हणजे स्वतःच ज्वालामुखी. भारतात असे एक बेट आहे, अंदमानातले बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर असलेला हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. बराच काळ शांत राहिल्यावर १९९१ साली त्याचा पुन्हा उद्रेक झाला आणि त्यानंतरही अधूनमधून होत आला आहे. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो आहे, म्हणून तिथे नवा शिलारस तयार होतो.

दुसऱ्या प्रकारच्या बेटाचा दगड ज्वालामुखीचा असतो, पण बेट होण्याचे कारण वेगळेच असते. घारापुरी या प्रकारातले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे कितीतरी पाणी बर्फाच्या रूपात जमिनीवर अडकून पडले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईचे बंदर त्या मानाने फारच उथळ. म्हणजे त्या काळी इथे समुद्रच नव्हता! घारापुरी ही मोकळ्या जमिनीवरची एक टेकडी होती. बर्फ वितळले, पाणी चढत गेले आणि टेकडीच्या भोवती समुद्र आला. बेट वर आले नाही, पाणी वर आले. धरण भरल्यावर मधली टेकडी बेटासारखी दिसू लागते, तसेच हे. सूर्या नदीवरचे धामणीचे धरण मुलांनी पाहिलेले होते, त्यामुळे जास्त समजावून सांगावे लागले नाही.

धक्क्यावर उतरून सुमारे १२० पायऱ्या चढल्या की मुख्य लेणे येते. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे हे काम. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. पोर्तुगिजांना इथे दगडाचा एक प्रचंड हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. तो हत्ती आता मुंबईत भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

आत शिरल्यावर सुमारे साडेपाच मीटर उंचीची सदाशिवाची मूर्ती पाहून मुले थबकली. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. मग एका मुलीने विचारले, "एवढा मोठा दगड आणला कसा?"

दगड आणलाच नाही! लेणे बांधत नाहीत, कोरतात. जे नको ते काढून टाकायचे, उरेल ते लेणे. खांब छताला टेकू देण्यासाठी बाहेरून आणून उभे केलेले नाहीत. छत, खांब, जमीन आणि मूर्ती हे सारे एकाच खडकाचे न काढलेले भाग आहेत. पण यासाठी खडक कसा हवा? एवढ्या रुंदीत मोठी भेग नसलेला, भोके नसलेला, सगळीकडे सारखा घट्ट. असा खडक मिळतो कुठे?

याचे उत्तर लाव्हारस कसा थिजतो यात आहे. आपल्याकडचा लाव्हा उंच शंकूच्या तोंडातून न येता बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. त्याचे तापमान अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि तो बराच पातळ होता, त्यामुळे दूरवर पसरला. पसरलेला थर वरून आणि खालून आधी गार होतो, मधला भाग सावकाश. त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात आणि वरचा भाग थिजताना तिथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. पुढे लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या छिद्रांत खनिजे आणून भरली. मुलांच्या खिशातले पांढरे चकाकणारे खडे ते हेच. एका थरानंतर पुढचा थर यायला उशीर झाला, तर मधल्या काळात वरच्या भागाची माती होते. नंतरच्या तापलेल्या थराखाली ती दबते. डोंगराच्या कापलेल्या कडेला काळ्या दगडांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो तो बहुधा असाच तयार झालेला असतो.

आपल्या पूर्वजांनी लेण्यांसाठी हा मधला घट्ट भाग अचूक हेरला. त्यांना लाव्हारसाचा सिद्धांत ठाऊक नव्हता, पण दगडाचा स्वभाव नक्कीच ठाऊक होता.

हा लाव्हा आला कुठून, गेला कुठे?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे हे उद्रेक झाले. आज या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे आणि सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरपर्यंत जाते. मग इतका लाव्हा देणारी भट्टी आज आपल्या पायांखाली नाही का?

बहुसंख्य भूवैज्ञानिकांच्या मते ती भट्टी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी आजही जागृत आहे. पृथ्वीच्या प्रावरणात तिथे एक उष्ण स्थान आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकताना त्याच्यावरून गेला, तेव्हा दख्खनचे उद्रेक झाले. पुढे भूपट्ट सरकत गेला आणि उष्ण स्थान मागे राहिले. लक्षद्वीप, मालदीव आणि मॉरिशस या भागांतल्या समुद्रतळावर त्याच्या वाटचालीच्या खुणा आहेत.

हे नुसते कल्पनाचित्र नाही. बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिजाचे कण असतात. खडक थिजताना ते त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेत जणू गोठून बसतात. हा गोठलेला होकायंत्राचा काटा वाचला तर खडक कोणत्या अक्षांशावर तयार झाला हे काढता येते. दख्खनचे खडक सांगतात की ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला तयार झाले!

वर्गात एक गणित अवश्य करून पाहावे. मुंबई ते रियुनियन सरळ अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. काळ ६ कोटी ६० लाख वर्षे. किलोमीटरचे सेंटिमीटर करा, म्हणजे ४८ कोटी सेंटिमीटर. भागाकार केला की वर्षाला सरासरी सुमारे सात सेंटिमीटर येतात. आपली नखे वर्षभरात वाढतात त्याच्या साधारण दुप्पट. हिशेब ढोबळ आहे, कारण वेग सगळ्या काळात सारखा नव्हता आणि उष्ण स्थान आपण अगदी स्थिर धरले आहे. पण मुद्दा कळायला तो पुरेसा आहे : आपण त्या भट्टीपासून हजारो किलोमीटर दूर आलो आहोत.

तीन पुराव्यांची तपासणी

परतीच्या बोटीत आम्ही मुलांचे तीन पुरावे एकेक करून पुन्हा हाती घेतले.

पहिला, भूकंप. जागृत ज्वालामुखीखाली भूकंप होतात हे खरे. पण भूकंप होतो तिथे ज्वालामुखी असतो, हे खरे नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते, पण अंगण ओले दिसले म्हणजे पाऊसच पडला असे नव्हे; कोणी सडाही घातलेला असेल. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला विनाशकारी भूकंप झाले. दोन्ही ठिकाणे याच काळ्या दगडाच्या प्रदेशात आहेत, पण कुठेही लाव्हा आला नाही. पुढे दोन्ही ठिकाणी खोल छिद्रे घेण्यात आली. किल्लारीला सुमारे ३३८ मीटर आणि कोयनेला ९०० मीटरहून अधिक बेसॉल्ट लागला. त्याखाली लाव्हाचे तळे नव्हते. होता तो कितीतरी जुना, घट्ट ग्रॅनाइटसारखा खडक. आणि त्याहूनही खोल? भूकंपाच्या लहरींत एक प्रकार असा आहे की तो द्रवातून जाऊच शकत नाही. तो प्रावरणातून आरपार जातो, म्हणजे प्रावरण मुख्यतः घन आहे. 'जमिनीखाली सगळीकडे लाव्हा उकळतो आहे' हा समज चुकीचा आहे.

मग आपल्याकडे जमीन हलते कशाने? भूपट्टाच्या रेट्यामुळे खडकात ताण साठतो. खडकात जुन्या भेगा असतात. ताण असह्य झाला की भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून झटक्याने घसरतात. पालघरच्या धक्क्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी त्यांचा संबंध भेगांत झिरपणारे पाणी आणि खोलवरच्या द्रवांच्या हालचाली यांच्याशी जोडला आहे. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की घसरणे सोपे होते. ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरतो, त्यातलाच हा काहीसा प्रकार.

दुसरा, गरम पाणी. जमिनीत खोल जावे तसे तापमान वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. हे सगळीकडेच होते. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या, तिथे कामगारांसाठी थंड केलेली हवा खाली सोडावी लागे. तिथे काही ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून एक-दीड किलोमीटर खाली गेले आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आले, तर ते गरमच येणार. वज्रेश्वरीची कुंडे भेगा खोल आहेत एवढेच सांगतात.

तिसरा, महालक्ष्मीचा सुळका. ज्वालामुखीचा शंकू साचत जाऊन वाढतो. आपल्याकडचे सुळके झिजून उरलेले आहेत. लेण्यात जसे नको ते काढल्यावर खांब उरला, तसे ऊन, पाऊस आणि नद्यांनी भोवतालचा खडक काढून नेल्यावर सुळका उरला. नुसत्या आकारावरून जन्मकथा सांगता येत नाही.

"मग भ्यायचे कशाला?" एका मुलाने विचारले. प्रश्न फार मोलाचा होता. लाव्हाला भिण्याचे कारण नाही. भूकंपाच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. मापनावर एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, आपल्या ४.१ च्या धक्क्याच्या सुमारे चौदाशे पट ऊर्जेचा. किल्लारीत माणसे जमिनीने गिळली नाहीत, ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली सापडली. कारवीच्या कुडाच्या हलक्या भिंती डोलतात, पण सहसा माणसावर चिरडून कोसळत नाहीत. नुसत्या विटा एकमेकींवर रचून वर जड छप्पर टाकलेले घर जास्त धोक्याचे. म्हणून घर बांधताना कोपरे नीट बांधावेत, भिंतींना सिमेंट-लोखंडाचे सलग पट्टे द्यावेत, उशाशी फळीवर जड सामान ठेवू नये, आणि धक्का बसल्यावर अंधारात आंधळेपणाने धावू नये. वर्गात असाल तर बाकाखाली डोके झाकून थांबावे, हादरे थांबल्यावर रांगेने मोकळ्या जागी जावे. भीतीची जागा बदलली की तिचा उपयोग होतो.

आपल्या शाळेत करून पाहण्यासाठी

घारापुरीला जाणे प्रत्येक शाळेला जमेल असे नाही. पण काळा दगड सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सगळीकडे आहे. मुंबईकडे जाणाऱ्या शाळांना अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहता येईल. लाव्हा थिजताना आकसून पडलेल्या भेगांमुळे झालेले तिथले उभे खांब सुमारे साठ मीटर उंच आहेत. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडणाऱ्या भेगांशी त्यांची तुलना करावी.

गुळाचा पाक करून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका आणि लगेच खोलगट वाटीत ओता. गार झाल्यावर मधोमध काप घ्या. बुडबुडे कुठे जास्त आहेत, कुठे कमी, हे मुलांनी चित्र काढून दाखवावे. (प्रयोग झाल्यावर नमुना खाता येतो, ही खास सोय! पाक मात्र मोठ्यांनीच ओतावा.)

नदीच्या वाळूतून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा. कागदाला काळे कण चिकटतील. बेसॉल्ट झिजून सुटलेले हे चुंबकीय कण आहेत.

गावातल्या दहा घरांच्या भिंती कशाच्या आहेत, छप्पर कशाचे आहे, याची मुलांकडून यादी करून घ्या. कोणत्या घरात काय सुधारता येईल यावर वर्गात चर्चा करा.

त्या वर्षी दिवाळीनंतर आठवीच्या वर्गातली काही बाके नेहमीप्रमाणे रिकामी झाली. होळीनंतर आम्ही पुन्हा सायवनला गेलो तेव्हा भट्टीवरून परतलेला एक मुलगा आमच्यासाठी पुडी घेऊन आला होता. आत मुठीएवढा काळा दगड होता, एका अंगाने भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे. बरोबर वहीच्या कागदावर लिहिले होते : 'खडी मशीनजवळ मिळाला. थराचा वरचा भाग असावा.'

'असावा' या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती.